विमान तिघांचे, विमा पाच जणांचा

पुण्याहून 34 वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या पतींना जर्मनीत श्टुटगार्टजवळ वाहन उद्योगातील एका कंपनीत वर्षाला 80,000 युरो पगाराची नोकरी मिळाली असून 1 सप्टेंबरला तिथे रुजू व्हायचे आहे. मुलगी चार वर्षांची आहे. हाताशी 14 लाख रुपये आहेत. तिघांनी एकदमच जावे आणि सगळी रक्कम बरोबर न्यावी, असे पतींचे म्हणणे आहे. त्यांनी आधी एकट्याने जाऊन बस्तान बसवावे, असे वाचक भगिनींना वाटते. इथल्या विमा एजंटाने तिघांसाठी वर्षभराची ‘जगभर चालणारी’ पॉलिसी सुचवली आहे, तर जर्मनीतल्या एका मध्यस्थाने खासगी आरोग्यविमा स्वस्त पडेल असे कळवले आहे. 14 लाख पुरतील का आणि कोणता विमा घ्यावा, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या अखेरीस एक ओळ आहे: “सांगलीला सासू-सासरे असतात (सासरे 71, मधुमेह आणि तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी; सासूबाई 66, रक्तदाब); त्यांचा विमा यांच्या कंपनीतूनच होता, त्याचेही सांगा.”

तुमच्या पत्रातला सर्वांत तातडीचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारला आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते. परदेशी जाणारे कुटुंब विम्याचा विचार करते तेव्हा तो जाणाऱ्यांचा असतो, कारण धास्ती अनोळखी देशाची वाटते. तुमच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जर्मनीत नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तुमच्या पतींना कायद्यानेच आरोग्यविम्याचे संरक्षण मिळणार आहे. खरोखर उघड्यावर पडणार आहेत ते सांगलीचे दोघे. कंपनीचा समूह विमा हा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. तो दिवस ऑगस्टमध्ये उजाडणार आहे, आणि त्यानंतर मधुमेह व हृदयविकाराचा इतिहास असलेल्या 71 वर्षांच्या माणसासाठी नव्याने पॉलिसी शोधणे हे तुम्ही श्टुटगार्टहून फोनवर करण्याचे काम नाही.

समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे. तिचा फायदा असा की, आतापर्यंत सलग विम्यात काढलेला काळ जुन्या विमा रकमेपुरता प्रतीक्षा काळात, म्हणजे आधीच्या आजारांचे दावे सुरुवातीला मिळत नाहीत त्या काळात, धरला जातो. पतींच्या मनुष्यबळ विभागाकडून सासू-सासऱ्यांच्या नावाचे विमा प्रमाणपत्र आणि आजवरच्या दाव्यांची नोंद मागून घ्या आणि अर्ज शेवटच्या दिवसाच्या पुरेसा आधी द्या. विमा कंपनी प्रकृती तपासून हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते, म्हणून दुसरीकडेही एकाच वेळी चौकशी सुरू ठेवा. वयामुळे कुणी विमाच देणार नाही, ही समजूत आता जुनी झाली. 2024 च्या नियमांनंतर 65 वर्षांची मर्यादा उरलेली नाही, आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यानंतर फसवणूक वगळता जुन्या माहितीतील त्रुटीवर बोट ठेवून दावा नाकारता येत नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे. अर्जात अँजिओप्लास्टी लपवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला घरात पुन्हा चहा देऊ नका.

याखेरीज सासऱ्यांचे वय सत्तरीच्या पुढे असल्यामुळे उत्पन्न काहीही असले तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर त्यांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचा हक्क आहे, खासगी पॉलिसी असली तरीही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेची नोंदणी आधारवर होते. सासूबाई त्या वयात बसत नाहीत. त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकेवर काय मिळते ते सांगलीतल्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे प्रत्यक्ष जाऊन विचारा. दोन्ही योजनांत उपचार आणि रुग्णालये ठरलेली असतात, त्यामुळे त्या पॉलिसीला पर्याय नाहीत, पण तिच्या खाली घातलेली एक भक्कम पायरी नक्की आहेत. आणि 14 लाखांपैकी 4 लाख रुपये सासऱ्यांच्या नावावर, त्यांना स्वतःला काढता येतील अशा ठेवीत, आजच बाजूला काढा. रात्री दोन वाजता रुग्णालय अनामत मागते तेव्हा परदेशातून पैसे पाठवण्याची सोय कितीही झटपट असली, तरी ती खिडकीवर उभ्या असलेल्या सासूबाईंच्या हातात नसते.

आता उरलेल्या 10 लाखांबद्दल. ‘पुरतील का’ या तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडले आहे, ते म्हणजे बस्तान बसवण्याचा खर्च ही एक रक्कम असते. ती रक्कम काढून दाखवते. समजा सुरुवातीचे दोन महिने तिघांसाठी सुसज्ज तात्पुरते घर महिना 2,000 युरोंनी घेतले, तर 4,000 झाले. मग 1,300 युरो मूळ भाड्याचे कायमचे घर मिळाले, तर तीन भाड्यांएवढी अनामत 3,900, आणि पहिल्या महिन्याचे भाडे इतर आकारांसह 1,600. स्वयंपाकघर आणि पलंग-गाद्या-कपाटे मिळून काटकसरीने 4,000, पहिल्या दीड महिन्याचा घरखर्च 1,500. बेरीज 15,000 युरो, आणि युरो आज शंभर रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे विमानाची तिकिटे न धरताही 14 लाख अपुरे आहेत, मग 10 लाखांची गोष्टच सोडा. आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे थोडे वरखाली होतील.

पण हा पैसा एका दिवशी लागत नाही. पगार सहसा महिनाअखेरीस जमा होतो, त्यामुळे सप्टेंबरअखेरपर्यंत हातात असायला हवे ते तात्पुरत्या घराचे एक-दीड महिन्याचे भाडे, त्याची अनामत आणि घरखर्च. अनामत तर कायद्यानेच तीन मूळ भाड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन सारख्या मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा. घरमालक सगळी रक्कम एकदम मागतात आणि नवखा माणूस देऊन टाकतो. घरमालकाने नेमलेल्या दलालाची दलाली 2015 पासून भाडेकरूकडून घेता येत नाही, तीही द्यावी लागू नये. एकट्या माणसाने एका खोलीत राहून सुरुवात केली, तर पहिल्या पगारापर्यंत 5 ते 6 लाख रुपयांत सहज निभते, आणि पुढचे खर्च पगारातून व उरलेल्या रकमेतून टप्प्याटप्प्याने होतात. म्हणूनच किती लागतील यापेक्षा कोणता पैसा कधी जातो आणि कधी परत येतो, हे मी तुम्हाला कागदावर मांडायला सांगेन.

परत येण्याच्या बाजूला बऱ्याच नोंदी असतात. नोकरीच्या करारात स्थलांतराचा खर्च देण्याचे कलम असेल, तर तो आगाऊ मिळतो की पावत्या दिल्यावर, आणि दोन वर्षांत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, हे पतींनी आत्ताच लेखी विचारून घ्यावे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याचे सहीचे पत्र लागते. तात्पुरत्या घराचे मालक हे पत्र देणार का, हे भाडे ठरवण्यापूर्वी विचारा, कारण त्या नोंदीनंतर टपालाने कर क्रमांक येतो, आणि तो फारच रेंगाळला तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. तो नंतर परत मिळतो. पण ‘नंतर’ हा शब्द पहिल्या तीन महिन्यांत फार महाग पडतो.

घराबद्दल आणखी दोन गोष्टी. जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे मूळ भाडे आणि वार्ममीटे म्हणजे पाणी, इमारतीचा खर्च आणि बहुधा घर गरम ठेवण्याचा खर्च धरून होणारे भाडे. घरातली वीज आणि इंटरनेट यांच्याही बाहेर असते, शिवाय दर घरामागे महिना 18.36 युरोंची आकाशवाणी-दूरचित्रवाणी वर्गणी असते, घरात टीव्ही असो वा नसो. आणि रिकामे घर म्हणजे तिथे खरोखर रिकामे: अनेक घरांत ओटा, शेगडी, सिंक काहीच नसते, स्वयंपाकघर म्हणून चार भिंती आणि भिंतीतून डोकावणारी नळाची तोंडे मिळतात, छतातून दिव्याच्या तारा लोंबत असतात. आधीचा भाडेकरू त्याचे स्वयंपाकघर जुन्या भावात विकायला तयार असतो. घर पाहायला गेल्यावरच त्याच्याशी बोलून घ्यावे. घर न पाहता, ‘मालक परदेशी आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगणाऱ्याला एक युरोही देऊ नये. या फसवणुकीत आपली शिकलीसवरलेली मुले दरवर्षी सापडतात.

यावरून तुमच्या दोघांतल्या वादात मी तुमच्या बाजूची आहे, असे तुम्हाला वाटेल. बऱ्याच अंशी आहे. पण पतींनी आधी जावे हे तुम्हाला केवळ खर्चासाठी वाटते, की स्वतःची नोकरी सोडण्याचा निर्णय थोडा पुढे ढकलावासा वाटतो, हे एकदा मनाशी तपासून पाहा. दुसरे कारण मुळीच लाजिरवाणे नाही, फक्त ते खर्चाच्या हिशेबात लपवले तर वाद भलत्याच आकड्यांवर होत राहतो. कारण वेगळे राहण्यालाही किंमत आहे. तुम्ही भारतात असेपर्यंत पतींचा पगारातला कर अविवाहितासारखा कापला जाईल. मुलगी तिथे राहायला येईपर्यंत तिच्या नावे मिळणारा 259 युरोंचा मासिक बालभत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, मिळणार नाही. तुम्ही 31 डिसेंबरच्या आत तिथे राहायला गेलात, तर त्या वर्षाचे करविवरण पती-पत्नी म्हणून एकत्र भरता येते आणि जास्त कापलेल्या करातला बराच भाग परत मिळू शकतो. मात्र तुमचा त्या वर्षीचा इथला पगार कराचा दर ठरवताना विचारात घेतला जातो. जानेवारीत गेलात, तर ती संधी गेली. म्हणून पतींनी ऑगस्टअखेर जावे आणि तुम्ही दोघींनी नोव्हेंबरात किंवा फार तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत जावे, असे मला सुचते. तोवर तुमचा पगार पुण्याचे घर चालवेल, सासू-सासऱ्यांच्या पॉलिसीचे काम तुमच्या डोळ्यांसमोर पुरे होईल, आणि तुमच्या कंपनीच्या समूह विम्यात सासू-सासऱ्यांना घालता येते का, हेही विचारून पाहता येईल.

तुमच्या हिशेबात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: तिथे गेल्यावर तीन महिन्यांत तुम्हीही कमावू लागाल. पतींना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा वास्तव्य परवाना, मिळाले, तर पत्नीला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि कामाची पूर्ण मुभा असते, हे खरे आहे. तीन वर्षांवरील मुलाला बालवाडीत, म्हणजे किटामध्ये, जागा मिळण्याचा हक्क तिथे कायद्याने आहे, हेही खरे आहे. पण हक्क असणे आणि जागा हातात पडणे यांच्यामध्ये प्रतीक्षा यादी असते, आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ही सेवा सरसकट मोफत नाही. पहिले वर्ष एका पगारावर चालते की नाही, एवढेच पाहा. तो 80,000 चा आकडाही हातात येणारा नाही: करापूर्वीच आरोग्यविम्याखेरीज निवृत्तिवेतनाचे 9.3 टक्के आणि बेकारी विम्याचे 1.3 टक्के त्यातून जातात. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे, पण निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतून सूट त्याने मिळते ती इथल्या कंपनीने तात्पुरते पाठवलेल्यांना. तिथल्या कंपनीत थेट नोकरीला लागणाऱ्यांना ती नाही; त्यांना दोन्ही देशांतला वर्गणीचा काळ जोडून हक्क ठरवण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

आता तुमचे दोन मध्यस्थ. इथल्या एजंटाची वर्षभराची पॉलिसी तुम्हाला नको आहे. तो प्रवासविमा आहे. जर्मनीत राहणाऱ्याने जो आरोग्यविमा ठेवलाच पाहिजे, त्याची जागा तो घेऊ शकत नाही. व्हिसासाठी आणि विमानात बसल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतच्या पोकळीसाठी थोड्या आठवड्यांचा, जर्मन वकिलातीला चालणारा विमा पुरेसा आहे. तुम्ही दोघी मागाहून जाल तेव्हाही तेवढाच.

जर्मनीतल्या मध्यस्थाचे प्रकरण अधिक विचाराचे आहे, कारण तो खोटे बोलत नाही. 2026 साली 77,400 युरोंपेक्षा जास्त वार्षिक पगार असणाऱ्याला सरकारी व्यवस्थेतली आरोग्यविमा संस्था, म्हणजे क्रांकेनकासे, सोडून खासगी विमा घेता येतो, आणि पस्तिशीतल्या निरोगी पुरुषाचा खासगी हप्ता कमी भरू शकतो. कासेमध्ये वर्गणी पगाराच्या टक्केवारीने, तीही एका कमाल पगारापर्यंतच, जाते. यंदाच्या दरांनी दीर्घकालीन शुश्रूषा विम्यासह पतींचा वाटा महिना 600 युरोंच्या आसपास येईल आणि साधारण तेवढाच कंपनी भरेल. पण त्याच वर्गणीत न कमावणारी पत्नी आणि मूल विनामूल्य समाविष्ट असतात. खासगीत माणशी हप्ता, वय आणि प्रकृती पाहून. मध्यस्थाने दाखवलेला आकडा एकट्या पतींचा आहे की तिघांचा, हे विचारा; तिघांचा असेल तर तो तुमच्या प्रकृतीची प्रश्नावली न भरता कसा आला, हेही विचारा. एकदा खासगीत गेल्यावर पगार मर्यादेच्या वर असेपर्यंत परत येता येत नाही आणि वयाच्या 55 नंतर तर जवळजवळ कधीच नाही. भाषा येत नसताना डॉक्टरांचे बिल आधी स्वतः भरून मग विमा कंपनीकडे मागत बसणे हा आणखी एक भाग, जो आकड्यात दिसत नाही. तुमच्यासारख्या एका पगाराच्या, लहान मूल असलेल्या आणि किती वर्षे राहणार हे ठाऊक नसलेल्या कुटुंबाने कासेमध्येच जावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टीके, एओके, बार्मर अशा अनेक कासे आहेत. उपचारांचे बहुतेक हक्क कायद्यानेच सारखे असतात, अतिरिक्त वर्गणीचा दर आणि इंग्रजीतून मिळणारी मदत पाहून निवडावे. तुमच्या कुटुंब-विम्याचा अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही. आणि त्यात सासू-सासरे येत नाहीत. ते भेटीला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा प्रवासविमा लागेल, आणि त्यात जुने आजार सहसा वगळलेले असतात, म्हणून पहिली भेट हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

ज्या विम्याचे नाव तुमच्या पत्रात नाही, तो पहिल्याच महिन्यात घ्या: खासगी दायित्व विमा, तिथल्या भाषेत हाफ्टफ्लिश्ट. आपल्याकडे शेजाऱ्याची खिडकी मुलाच्या चेंडूने फुटली तर लाडू पाठवून प्रकरण मिटते. तिथे दुसऱ्याचे नुकसान करणारा आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी, कोणत्याही कमाल मर्यादेविना जबाबदार असतो. इमारतीच्या एकत्रित कुलूप व्यवस्थेची किल्ली हरवली, तर सगळ्या घरांची कुलुपे बदलण्याचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो. सगळ्या कुटुंबाची ही पॉलिसी वर्षाला साधारण 50 ते 100 युरोंत मिळते. किमान 1 कोटी युरोंचे संरक्षण आणि हरवलेल्या किल्लीचे कलम त्यात असावे. सात वर्षांखालील मूल कायद्याने जबाबदार धरले जात नाही, त्यामुळे तुमच्या मुलीने काही मोडले तर विमा कंपनी हात वर करू शकते. अशा मुलांकडून झालेले नुकसानही भरून देणारी पॉलिसी निवडा. घरातल्या सामानाचा विमा सामान आल्यावर पाहू. मोटार पहिल्या वर्षी नको. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतो आणि पुढे लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. पतींचा इथला मुदत विमा बंद करू नका, फक्त परदेशी वास्तव्य कंपनीला लेखी कळवून पोच घ्या.

पैसे नेताना सगळे एकदम युरोत बदलू नका. एका आर्थिक वर्षात माणशी 10 लाख रुपयांपर्यंत बाहेर पाठवले तर टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. तुम्हाला मर्यादा ओलांडण्याची गरजच नाही. पती गेल्यानंतर त्यांचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते, तो अर्ज निघण्यापूर्वीच तयार ठेवा.

तुम्हा दोघांच्या दातांची कामे आणि चष्मे पुण्यातच उरकून घ्या. प्रौढांच्या चष्म्याचे पैसे कासे एरवी देत नाही आणि दाताच्या टोपणाचा मोठा वाटा आपल्यालाच भरावा लागतो; मी तिथे असताना पहिल्याच हिवाळ्यात चष्म्यावर बसले होते, तो हिशेब अजून आठवतो. औषधे तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. आणि सासूबाई मुलासाठी साजूक तूप कढवून डबा भरतील, पेढेही देतील. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत, तो डबा विमानतळावर काढून घेतला जाईल. त्यांना हे पॉलिसीचे कागद घेऊन सांगलीला जाल तेव्हाच सांगून ठेवा, आणि तूप तिथेच गरम भातावर खाऊन या.